ग्रीन बे पॅकर्स: एका संघाच्या इतिहासातील टप्पे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा संघ कुठला, आणि त्याच्या इतिहासात वेगळे असे काय आहे?

ग्रीन बे हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील, फॉक्स नदीच्या मुखाशी वसलेले शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७ हजार भरली. अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, आज ३२ संघ आहेत आणि त्यांतील बहुतेक न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा महानगरांचे आहेत. या सर्वांत लहान गावाच्या संघाकडे मात्र लीगमधील सर्वाधिक, म्हणजे १३ विजेतेपदे आहेत: १९२९, १९३०, १९३१, १९३६, १९३९, १९४४, १९६१, १९६२, १९६५, १९६६, १९६७, १९९६ आणि २०१० या हंगामांची.

ही यादी पाठ करणे सोपे आहे, पण तिच्यावरून संघाचा इतिहास कळत नाही. पॅकर्सच्या बाबतीत करंडकाच्या तारखांपेक्षा पैशाच्या तारखा अधिक महत्त्वाच्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९२२, १९२३, १९३५ आणि १९५० या चार वर्षांपैकी एकात जरी गावाने हात आखडता घेतला असता, तरी पुढची यादी लिहिण्याची वेळच आली नसती.

संघाची स्थापना कधी झाली, आणि ‘पॅकर्स’ हे नाव कशावरून पडले?

११ ऑगस्ट १९१९ रोजी ‘ग्रीन बे प्रेस-गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्राच्या कार्यालयात काही तरुण जमले आणि तेथे संघ उभा राहिला. पुढाकार दोघांचा होता. एक अर्ल ‘कर्ली’ लॅम्बो आणि दुसरे त्याच वृत्तपत्राचे क्रीडा-पत्रकार जॉर्ज व्हिटनी कॅल्हून. लॅम्बो आदल्या वर्षी नोत्र दाम विद्यापीठाच्या संघातून खेळले होते, परंतु टॉन्सिलच्या दुखण्यामुळे घरी परतले ते पुन्हा विद्यापीठात गेलेच नाहीत. गावातच त्यांनी इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरी धरली. ही कंपनी डबाबंद मांस तयार करीत असे आणि तिच्या नावातील ‘इंडियन’चा आपल्या देशाशी काहीही संबंध नाही. लॅम्बो यांनी मालकांकडे शब्द टाकला, कंपनीने गणवेश व साहित्यासाठी ५०० डॉलर आणि सरावाला मैदान दिले, आणि मांस ‘पॅक’ करणाऱ्यांचे नाव संघाला चिकटले. कंपनी दोन वर्षांतच दुसऱ्याच्या हाती गेली. नाव मात्र शंभर वर्षांनंतरही तेच आहे.

पहिल्या हंगामात संघाने दहा सामने जिंकले आणि एक गमावला. हेगमायस्टर पार्कच्या मैदानाला कुंपण नव्हते, त्यामुळे तिकिटे लावण्याचा प्रश्नच नव्हता. सामना चालू असताना प्रेक्षकांत टोपी फिरवली जाई. हंगाम संपल्यावर वाटणी झाली तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या हातात १६ डॉलर ७५ सेंट पडले, असे सांगितले जाते.

लीगमध्ये प्रवेश मिळाल्यावर वर्षभरातच संघाला बाहेर काढले होते, हे खरे आहे का?

होय. ऑगस्ट १९२१ मध्ये संघाला अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशनमध्ये स्थान मिळाले. याच संघटनेने १९२२ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग हे नाव घेतले. परंतु पहिल्याच हंगामात पॅकर्सने महाविद्यालयात शिकणाऱ्या काही खेळाडूंना खोट्या नावांनी मैदानात उतरवले आणि ही गोष्ट उघडकीस आली. जानेवारी १९२२ मध्ये संघाचा परवाना काढून घेण्यात आला. त्याच उन्हाळ्यात लॅम्बो यांनी पैशांची जमवाजमव करून तो स्वतःच्या नावावर परत मिळवला.

त्यानंतरचा हंगाम पावसाने खाल्ला. प्रेक्षक घरी बसले तर नुकसान नको म्हणून संघाने पावसाचा विमा उतरवला होता. पण ठरलेल्या मापापेक्षा पाऊस इंचाच्या शंभराव्या भागाने कमी पडला आणि विमा कंपनीने पैसे नाकारले, ही कथा ग्रीन बेमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

संघाची मालकी लोकांकडे कशी गेली?

अशा नुकसानीतून झालेल्या कर्जामुळे. प्रेस-गॅझेटचे अँड्र्यू टर्नबुल यांनी गावातील व्यापाऱ्यांना एकत्र बोलावले आणि ऑगस्ट १९२३ मध्ये ‘ग्रीन बे फुटबॉल कॉर्पोरेशन’ ही नफा न वाटणारी संस्था स्थापन झाली. प्रत्येकी ५ डॉलरचे शेअर विकण्यात आले. टर्नबुल, लॅम्बो आणि आणखी तिघे (एक डॉक्टर, एक वकील आणि एक किराणा मालाचे घाऊक व्यापारी) यांना गावात ‘भुकेले पाच’ म्हणत, कारण संघासाठी पैसे मागत ते सतत कुणाच्या ना कुणाच्या दारात उभे असत.

शेअरविक्री त्यानंतर पाच वेळा झाली. १९३५ ची विक्री एका अपघातामुळे करावी लागली. १९३१ मध्ये एक प्रेक्षक मैदानातील लाकडी बाकांवरून खाली पडला, त्याने दावा लावला, न्यायालयाने त्याला भरपाई दिली, आणि नेमकी त्याच वेळी संघाची विमा कंपनी बुडाली. सलग तीन विजेतेपदे नुकतीच जिंकलेला हा संघ १९३३ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेला. गावातून १५,००० डॉलर उभे राहिले तेव्हा तो सुटला आणि संस्थेची ‘ग्रीन बे पॅकर्स’ या नावाने फेररचना झाली. १९५० मध्ये २५ डॉलरचा एक याप्रमाणे सुमारे १ लाख १८ हजार डॉलर जमले. पुढच्या तीन विक्री संकटातून सुटण्यासाठी नव्हत्या; १९९७–९८ मध्ये २०० डॉलर, २०११–१२ मध्ये २५० डॉलर आणि २०२१–२२ मध्ये ३०० डॉलर दराने विकलेल्या शेअरचा पैसा मुख्यतः मैदानाच्या कामांसाठी होता. आज भागधारकांची संख्या ५ लाख ३० हजारांहून अधिक आहे.

शेअर घेणाऱ्याला काय मिळते?

एक छापील प्रमाणपत्र, मतदानाचा हक्क आणि वार्षिक सभेचे निमंत्रण, एवढेच. लाभांश मिळत नाही, शेअर बाजारात विकता येत नाही, जवळच्या नातेवाइकाला देता येतो, आणि तिकिटाच्या रांगेत एक पाऊलही पुढे सरकता येत नाही. आपल्याकडील सहकारी संस्थेशी याची तुलना अनेकदा केली जाते, ती अर्धीच बरोबर आहे: सहकारात एका सभासदाला एकच मत असते, येथे मत शेअरमागे असते, मात्र कुणा एकाला २ लाखांपेक्षा जास्त शेअर ठेवता येत नाहीत, त्यामुळे संघ एका धनिकाच्या खिशात जाण्याची वाट बंद आहे. कार्यकारी समितीत केवळ अध्यक्षांना वेतन मिळते, इतर सदस्य विनामोबदला काम करतात.

लीगच्या सध्याच्या नियमांत अशी मालकी बसत नाही. पॅकर्सची व्यवस्था त्या नियमांच्या आधीची म्हणून टिकली आहे. सर्वसामान्यांची मालकी असल्यामुळे हा संघ आपला आर्थिक ताळेबंद दरवर्षी जाहीर करतो, आणि लीगच्या उत्पन्नाचा अंदाज बांधणारे पत्रकार त्याचीच वाट पाहत असतात.

सुरुवातीची विजेतेपदे कशी मिळाली?

१९२९ ते १९३१ ही तीन विजेतेपदे गुणतक्त्यावर मिळाली, कारण तेव्हा अंतिम सामन्याची पद्धत नव्हती. १९२९ मध्ये संघाने बारा सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकही गमावला नाही. चौथे विजेतेपद १९३२ मध्ये हातचे गेले, ते गणितामुळे. पॅकर्सने दहा सामने जिंकले होते, तीन हरले होते. शिकागो बेअर्सने केवळ सात जिंकले, पण एकच हरले आणि सहा बरोबरीत सोडवले. बरोबरीचे सामने त्या काळी हिशेबात धरतच नसत, म्हणून बेअर्स वर राहिले. आज बरोबरीला अर्धा विजय मानतात. त्या रीतीने मोजल्यास १९३२ चा तक्ता पॅकर्सच्याच नावाने संपतो.

१९३५ मध्ये डॉन हटसन हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, संघात आला आणि फुटबॉल हा हाताने चेंडू फेकण्याचाही खेळ आहे, हे प्रतिस्पर्ध्यांना नव्याने शिकावे लागले. बेअर्सविरुद्ध सामन्याच्या पहिल्याच चालीत त्याने ८३ यार्डांचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडली, आणि तो सामना ७–० असा, म्हणजे केवळ त्या एका चालीवर सुटला. झेल घेऊन केलेल्या ९९ टचडाउनचा त्याचा विक्रम १९८९ पर्यंत अबाधित राहिला. १९३६, १९३९ आणि १९४४ ची विजेतेपदे त्याच्या काळातील.

लॅम्बो संघ सोडून का गेले?

महायुद्धानंतर एक प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली, खेळाडूंचे पगार वाढले आणि ग्रीन बेची तिजोरी रिकामी झाली. लॅम्बो यांनी गावाबाहेर ‘रॉकवूड लॉज’ नावाची मोठी वास्तू संघाच्या निवासासाठी घ्यायला लावली होती, तो खर्च संचालकांना पटला नव्हता. १९४९ मध्ये संघाची दोन भागांत वाटणी करून एक प्रदर्शनीय सामना खेळवावा लागला, तेव्हा कुठे हंगाम पुरा झाला. २४ जानेवारी १९५० रोजी लॉज जळून खाक झाला. आठवड्याभरात लॅम्बो राजीनामा देऊन शिकागो कार्डिनल्सकडे गेले, आणि विम्याचे पैसे पॅकर्सच्या कामी आले. आग कशी लागली याविषयी गावात आजही मिस्कीलपणे बोलले जाते.

मैदानाला लॅम्बो फील्ड हे नाव कधी मिळाले?

१९५० च्या दशकात लीगने नवे मैदान बांधा, अन्यथा संघ हलवावा लागेल, असे सुचवायला सुरुवात केली होती. एप्रिल १९५६ मध्ये शहरात त्यासाठी सार्वमत झाले. प्रचारसभेत बोलायला कोण आले, तर पॅकर्सचे हाडवैरी शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस! मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला. २९ सप्टेंबर १९५७ रोजी, उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या उपस्थितीत, मैदानाचे उद्घाटन झाले आणि पॅकर्सने हॅलस यांच्याच संघाला २१–१७ असे हरवून पाहुणचार केला. तेव्हा नाव ‘सिटी स्टेडियम’ होते. लॅम्बो १ जून १९६५ रोजी वारले, त्यानंतर त्यांचे नाव देण्यात आले. आरंभी सुमारे ३२ हजार प्रेक्षकांची सोय होती, आज ८१,४४१ आहे. सप्टेंबर २००० मध्ये नूतनीकरणासाठी अर्धा टक्का विक्रीकर लावण्याच्या प्रस्तावावर पुन्हा मतदान झाले, आणि तो सुमारे ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी मंजूर झाला. म्हणजे पॅकर्सच्या गावातही जवळजवळ निम्मे मतदार विरोधात होते, हे नमूद करायला हवे. तो कर २०१५ मध्ये बंद झाला.

व्हिन्स लोम्बार्डी यांनी नेमके काय बदलले?

१९५८ मध्ये संघाने बारांपैकी एक सामना जिंकला होता. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सचे सहायक प्रशिक्षक लोम्बार्डी मुख्य प्रशिक्षक आणि सरव्यवस्थापक म्हणून आले आणि त्याच हंगामात संघाने सात जिंकून पाच गमावले. खेळाडू बहुतांशी तेच होते. बार्ट स्टार हा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, १९५६ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सतराव्या फेरीत घेतलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला तरुण होता. पॉल हॉर्नंगला कुठे खेळवावे हे ठरत नव्हते. लोम्बार्डी यांनी चाली कमी केल्या आणि त्याच त्या शेकडो वेळा घोटून घेतल्या. ‘पॉवर स्वीप’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध: पुढच्या फळीतले दोन्ही गार्ड आपली जागा सोडून कडेला धावत जात, समोरच्यांना बाजूला सारत, आणि मागून चेंडू घेऊन येणारा खेळाडू त्यांच्यामधून उघडलेल्या फटीत शिरत असे. ती येणार हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असे, तरी थांबवता येत नसे.

१९६० च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सने १७–१३ असे हरवले. लोम्बार्डी यांनी पॅकर्सचे प्रशिक्षक असताना गमावलेला हा एकमेव प्ले-ऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना. त्यानंतर सात वर्षांत पाच विजेतेपदे आली. विली डेव्हिस, हर्ब अ‍ॅडरली, विली वुड अशा कृष्णवर्णीय खेळाडूंना त्यांनी संघाच्या मध्यभागी स्थान दिले आणि वंशभेद खपवून घेतला जाणार नाही, असे गावातील उपाहारगृहांनाही बजावले; त्या काळात ही बाब विजेतेपदापेक्षा लहान नव्हती.

याच काळातील आणखी एक घटना मैदानाबाहेरची आहे. १९६१ च्या कायद्याने लीगला सर्व संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकण्याची मुभा मिळाली आणि ते उत्पन्न सर्वांत सारखे वाटले जाऊ लागले. न्यूयॉर्कला जेवढे, तेवढेच ग्रीन बेला. लोम्बार्डी नसते तर पॅकर्स कमी जिंकले असते; ही वाटणी नसती तर कदाचित ग्रीन बेमध्ये राहिलेच नसते.

‘आइस बोल’ म्हणजे काय?

३१ डिसेंबर १९६७ रोजी लॅम्बो फील्डवर डॅलस काउबॉइजविरुद्ध झालेला एनएफएलचा अंतिम सामना. सामना सुरू झाला तेव्हा तापमान उणे २५ अंश सेल्सियस होते. मैदान गोठू नये म्हणून लोम्बार्डी यांनी ८० हजार डॉलर खर्चून गवताखाली विजेची तापक यंत्रणा बसवून घेतली होती. ती त्या दिवशी निकामी ठरली आणि गवताची काच झाली. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, म्हणून त्यांनी उरलेला सामना ओरडून चालवला. मध्यंतरासाठी आलेल्या विद्यार्थ्यांच्या बँडची वाद्ये गोठली. तरीही ५० हजारांवर लोक बाकांवर बसून राहिले.

पॅकर्सने १४–० अशी आघाडी घेतली होती, पण चौथ्या सत्रात डॅलस १७–१४ ने पुढे गेले. ४ मिनिटे ५० सेकंद उरली असताना चेंडू पॅकर्सच्या ३२ यार्डांच्या रेषेवर होता. थोडे थोडे करीत संघ गोलरेषेपासून जेमतेम दोन फुटांवर पोहोचला. डॉनी अँडरसनने दोनदा धाव घेतली, दोन्ही वेळा पाय घसरले. १६ सेकंद उरली आणि शेवटचा ‘टाइम-आउट’ संपला. किक मारून तीन गुणांनी बरोबरी साधता आली असती; धाव फसली असती तर पुढची चाल रचायला वेळ नव्हता. स्टारने कडेला जाऊन लोम्बार्डी यांना सांगितले की मागच्या खेळाडूंचे पाय टिकत नाहीत, मी स्वतःच घुसतो. प्रशिक्षकांनी होकार दिला. मैदानातल्या इतर दहा जणांना त्याने हे सांगितले नव्हते. त्यांना वाटले, चेंडू चक मर्सीनकडे जाणार. जेरी क्रेमर आणि केन बोमन यांनी समोरच्याला मागे रेटले आणि स्टार त्यांच्यामागून रेषेपलीकडे पडला. २१–१७.

पहिला सुपर बोल पॅकर्सनेच जिंकला होता का?

पहिले दोन्ही. सुपर बोल हा तेव्हा एनएफएलचा विजेता आणि एका प्रतिस्पर्धी लीगचा विजेता यांच्यातला सामना होता. १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सला ३५–१० असे आणि १४ जानेवारी १९६८ रोजी मायामीत ओकलंड रेडर्सला ३३–१४ असे हरवले. पहिल्या सामन्याला एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या. मॅक्स मॅगी या राखीव रिसीव्हरने, आपल्याला खेळावे लागणार नाही या समजुतीने, आदली रात्र हॉटेलबाहेर काढली होती. सहकारी जखमी झाल्यामुळे त्याला दुसऱ्याचे हेल्मेट घालून उतरावे लागले, आणि त्याने १३८ यार्ड व दोन टचडाउन मिळवले. लोम्बार्डी सप्टेंबर १९७० मध्ये कर्करोगाने वारले, आणि सुपर बोलच्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यानंतर संघ इतकी वर्षे मागे का पडला?

१९६८ ते १९९१ या २४ हंगामांत संघ केवळ दोनदा, १९७२ आणि १९८२ मध्ये, प्ले-ऑफमध्ये गेला. कारणे अनेक असली तरी एक व्यवहार पुरेसा बोलका आहे: १९७४ मध्ये ३४ वर्षांच्या जॉन हॅडल या क्वार्टरबॅकसाठी पुढील दोन वर्षांतील निवडीचे पाच हक्क देण्यात आले, त्यांतील दोन पहिल्या फेरीचे. हॅडलने पॅकर्सकडून ९ टचडाउन पास दिले आणि २९ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला.

पुनरागमन कसे झाले?

१९९१ च्या अखेरीस रॉन वुल्फ सरव्यवस्थापक झाले. त्यांनी माइक होमग्रेन यांना प्रशिक्षक नेमले आणि अटलांटा फाल्कन्सच्या ब्रेट फार्व या तरुणासाठी पहिल्या फेरीचा हक्क देऊन टाकला. फार्वने अटलांटासाठी त्या हंगामात चार पास टाकले होते. एकही पोहोचला नव्हता आणि दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले होते. हा हॅडलचाच प्रकार पुन्हा होणार, अशी भीती वाटणे साहजिक होते. २० सप्टेंबर १९९२ रोजी जखमी डॉन माजकॉव्हस्कीच्या जागी तो उतरला आणि शेवटच्या क्षणी सिनसिनाटीविरुद्धचा सामना २४–२३ असा जिंकून दिला. पुढच्या आठवड्यापासून पॅकर्ससाठी तो सलग २५३ सामन्यांत आरंभापासून मैदानात उतरला.

१९९३ मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि त्या वर्षीचा सर्वांत मोठा खेळाडू, बचावपटू रेजी व्हाइट, मोठी शहरे सोडून ग्रीन बेला आला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला लेरॉय बटलरने टचडाउननंतर प्रेक्षकांत उडी घेतली. ‘लॅम्बो लीप’ ती हीच. १९३३ पासून काही घरचे सामने राज्यातील मिलवॉकी शहरात होत, ते १९९४ नंतर थांबले. २६ जानेवारी १९९७ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ३५–२१ असे हरवून संघाने २९ वर्षांनी करंडक परत आणला. त्यात डेस्मंड हॉवर्डची ९९ यार्डांची धाव निर्णायक ठरली.

चौथा सुपर बोल आणि अलीकडचे टप्पे कोणते?

२००५ मध्ये निवडलेला अ‍ॅरन रॉजर्स तीन वर्षे फार्वच्या मागे बसून राहिला. २००८ मध्ये फार्वने निवृत्ती जाहीर करून ती मागे घेतली, संघाने त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवले आणि गाव दोन तटांत विभागले गेले. ६ फेब्रुवारी २०११ रोजी पिट्सबर्ग स्टीलर्सवरील ३१–२५ या विजयाने तो वाद बराचसा मिटला. पुढच्या हंगामात १५ विजय आणि एकच पराभव अशी कामगिरी करूनही पॅकर्स पहिल्याच प्ले-ऑफ सामन्यात हरले. रॉजर्सने चार वेळा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, पण दुसरा सुपर बोल मिळाला नाही; २०२३ मध्ये तोही जेट्सकडेच गेला आणि जॉर्डन लव्हकडे सूत्रे आली. दरम्यान ४ डिसेंबर २०२२ रोजी शिकागो बेअर्सला हरवून पॅकर्सने लीगमधील सर्वाधिक विजयांचा बेअर्सचाच विक्रम मागे टाकला. एप्रिल २०२५ मध्ये लीगचा निवडसोहळा, म्हणजे ड्राफ्ट, ग्रीन बेमध्ये भरला.

खेळाडू मुलांच्या सायकलींवरून सरावाला जातात, ही प्रथा कधीची?

लोम्बार्डी यांच्या काळापासूनची. उन्हाळी सराव शिबिराच्या दिवसांत मुले सायकली घेऊन लॅम्बो फील्डच्या दाराशी उभी राहतात. खेळाडू एखादी सायकल निवडतो आणि रस्त्यापलीकडच्या सराव मैदानाकडे निघतो. सव्वाशे किलोंच्या गड्याचे गुडघे हँडलला आपटत असतात, आणि सायकलीचा आठ-दहा वर्षांचा मालक त्याचे हेल्मेट छातीशी धरून शेजारून धावत असतो.